रंगाऱ्याच्या आधी नकाशा

वडिलांच्या पश्चात भिंगारचं घर विकायचं ठरलं आणि दादाने पहिला फोन केला तो रंगाऱ्याला. पुढच्या खोलीला पुट्टी, वर पिवळसर डिस्टेंपर. गिऱ्हाईक खूश, इसाराची बोलणी झाली. मग त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर आला. रंगाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. टेप काढून खोल्या मापल्या आणि विचारलं, "मंजूर नकाशा आहे का?"

नकाशात मागची खोली नव्हती, गच्चीवरचं शेड नव्हतं, आणि ओटा चक्क उघडा दाखवलेला. आम्ही तर तो जन्मापासून बंदिस्तच पाहिलेला! बँक धरते ती मंजूर बांधकामाचीच किंमत. कर्जाचा आकडा घसरला, गिऱ्हाईक गेलं.

आमचं घर नगरच्या लष्करी छावणीतलं, आणि छावणीतलं घर विकायचं तर कागद वेगळे लागतात. नगर शहरात सिटी सर्व्हेचा उतारा मागतात, तसा इथे जनरल लँड रजिस्टरचा, म्हणजे जीएलआरचा. छावणी जमीन नियमांप्रमाणे हे रजिस्टर नागरी भागापुरतं कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असतं, बाकीच्या भागाचं संरक्षण मालमत्ता अधिकाऱ्याकडे. त्यात आधी जमिनीचा वर्ग पाहा. ‘बी-३’ लिहिलेलं असेल तर जमिनीची मालकी केंद्र सरकारची. तुम्ही विकता ते बांधकाम आणि वहिवाटीचा हक्क, तोही अटींसकट. हे समोरच्याच्या वकिलाकडून कळावं यासारखी नामुष्की नाही. आमच्या उताऱ्यावर तर अजून आजोबांचंच नाव. आई म्हणाली, "अरे, पण घरपट्टी तुझ्या बाबांच्या नावाने येते की!" येते, पण घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही. वारसांची प्रतिज्ञापत्रं, आत्यांच्या सह्या, मग नोंद: यात महिने जातात. घर विकायचं मनात आलं की त्याच दिवशी उताऱ्याला अर्ज टाका.

कागद मार्गी लागले की मगच भिंतींकडे वळा. नगरला पाऊस बेताचा, त्यामुळे गच्चीच्या गळतीकडे कुणी फारसं बघत नाही. पाणी जायच्या वाटा बोळे कोंबून बंद करा, गच्चीवर दिवसभर पाणी तुंबवून ठेवा आणि खालचं छत बघत राहा. ओलीवर पुट्टी लावली तर चार महिन्यांत पोपडे निघतात, आणि जाणकार माणूस भिंतीला हात लावूनच ओळखतो. तडेही सगळे सारखे नसतात. प्लास्टरची केसासारखी बारीक रेघ सोडून द्या. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा काळ्या मातीत पाया हलल्याचा असू शकतो. तो बुजवण्याआधी इंजिनिअरला दाखवा. जुनं वायरिंग, अर्थिंग, वीजबिलावरचं नाव ही किरकोळ कामं, पण घासाघीस नेमकी त्यांच्यावरून होते.

शेड आम्ही उतरवलं. मागच्या खोलीचं काय, ते बोर्डात लेखी विचारलं. दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा चहाबरोबर फाइलच पुढे ठेवली: जीएलआरचा उतारा, नकाशा, करभरणा आणि ‘मागची खोली नकाशात नाही’ असं लिहिलेला कागद. त्यांनी भाव पाडला, पण ठरला त्यावरून मागे फिरले नाहीत. इसारपावतीत मात्र दोन गोष्टी लिहून घेतल्या: वारसांची नोंद झाल्याशिवाय खरेदीखत नाही, आणि तिचा खर्च आमचा.