औषधाची वाट आणि अभियंत्याचे गणित

रोगावर औषध सापडले म्हणजे रोगी बरा झाला, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. औषध शरीरात योग्य ठिकाणी, योग्य प्रमाणात आणि आवश्यक तितका काळ पोहोचले तरच ते गुणकारी ठरते. इन्शुलिनचेच उदाहरण घ्यावे. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे या द्रव्याचा शोध लागला. त्यास शंभर वर्षे उलटून गेली. पण इन्शुलिनवर अवलंबून असणाऱ्या बहुसंख्य मधुमेही रुग्णांना ते आजही सुईवाटेच घ्यावे लागते. इन्शुलिन हे प्रथिन आहे. ते तोंडावाटे घेतले, तर डाळीतील प्रथिनाप्रमाणेच पोटात व आतड्यात पचून जाते. म्हणजे औषध हाती आहे. अडचण आहे ती वाटेची.

ही वाट आखून देणाऱ्या शास्त्रास औषधवहनशास्त्र असे म्हणता येईल. गेल्या अर्धशतकात या शास्त्राच्या वाढीस डॉक्टर व औषधनिर्माते यांच्याबरोबर अभियंत्यांनीही मोठा हातभार लावला. अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणास या क्षेत्रात यावयाचे असेल, तर त्याच्या गाठीशी कोणते ज्ञान असते आणि कोणते त्याने नव्याने मिळवावयाचे असते, याचा विचार विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

टाकीचे गणित

शाळेत प्रत्येकाने पाण्याच्या टाकीचे गणित सोडविलेले असते. एका नळाने पाणी येते, दुसऱ्याने जाते. टाकीत किती उरेल? औषधाच्या बाबतीत शरीर हीच टाकी होय. औषध आतड्यातून किंवा सुईवाटे आत येते. यकृत त्याचे रूपांतर करते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास जो काळ लागतो, त्यास अर्धायुकाल म्हणतात. समजा, एखाद्या औषधाचा अर्धायुकाल ६ तासांचा आहे. आरंभी रक्तात १०० भाग असतील, तर ६ तासांनी ५०, १२ तासांनी २५, १८ तासांनी साडेबारा आणि २४ तासांनी जेमतेम सव्वासहा भाग उरतात. असे औषध दिवसातून एकदाच दिले, तर सकाळी ते गरजेपेक्षा अधिक आणि रात्री गरजेपेक्षा कमी, अशी स्थिती होते. अधिक झाले तर अपाय, कमी पडले तर निरुपयोग.

याच औषधाचा नळ मंद पण अखंड सुरू ठेवला, तर चार अर्धायुकालांत, म्हणजे एका दिवसात, रक्तातील प्रमाण अंतिम पातळीच्या सुमारे ९४ टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि पुढे जवळजवळ स्थिर राहते. हा अखंड नळ शरीरात कसा बसवावा, हाच औषधवहनशास्त्रातील मूळ प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर ग्रामीण भागासही परिचित आहे. राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने दिले जाणारे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यावयाचे असते. त्यातील संप्रेरकाचे अतिसूक्ष्म स्फटिक पाण्यात सहजी विरघळत नाहीत. स्नायूत त्यांचा साठा होतो आणि तेथून ते हळूहळू रक्तात उतरतात. रोजची गोळी विसरण्याचा प्रश्नच त्यामुळे उरत नाही.

आवक, जावक आणि साठा यांचा हा हिशेब रासायनिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षीच शिकतो. भांड्याचे नाव बदलते; समीकरण तेच राहते.

रुग्णालयातील अभियंता

या दृष्टीने अमेरिकेतील रॉबर्ट लँगर यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. त्यांनी १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आणि १९७४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून डॉक्टरेट मिळविली. १९७३ च्या तेलसंकटानंतरचा तो काळ होता. तेल कंपन्यांना रासायनिक अभियंते हवे होते आणि लँगर यांच्यापुढेही तशा नोकऱ्यांचे अनेक देकार होते. ते नाकारून त्यांनी बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत काम स्वीकारले.

कर्करोगाच्या गाठीस वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्यांची गरज असते, त्या रोखल्या तर गाठीची वाढ रोखता येईल, असा विचार फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला होता. रक्तवाहिन्या रोखणारे द्रव्य कूर्चेत असावे, असा अंदाज होता. ते पारखण्यासाठी सशाच्या डोळ्यावरील पारदर्शक पडद्यात प्रयोग करावयाचे होते. द्रव्य तेथे काही आठवडे सतत झिरपत राहणे आवश्यक होते. लहान रेणू सिलिकोन रबरातून झिरपतात, हे फोकमन व त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ मध्ये दाखविले होते. परंतु प्रथिनासारखे मोठे रेणू घन बहुवारिकातून, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थातून, अशा रीतीने बाहेर येऊ शकणार नाहीत, अशीच तज्ज्ञांची धारणा होती.

लँगर यांचे अनेक प्रयत्न फसले. अखेर बहुवारिक द्रावकात विरघळवून, त्यात प्रथिनाची भुकटी मिसळून ते घट्ट केले, तेव्हा मार्ग सापडला. भुकटीच्या कणांमुळे पदार्थात नागमोडी, अरुंद वाटांचे जाळे तयार होते. पाणी त्यांतून आत शिरते, प्रथिन विरघळते आणि जुन्या पेठेतील बोळांतून वाट काढणाऱ्या माणसाप्रमाणे सावकाश बाहेर पडते. या रीतीने शंभराहून अधिक दिवस प्रथिन झिरपत ठेवता आले. १९७६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

यातील एक बाब अभियंत्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. काचेच्या नळीत उत्तम चालणारे बहुवारिक सजीव डोळ्यात ठेवताच तेथे दाह निर्माण करू शकते. ते अल्कोहोलने वारंवार धुऊन त्यातील अशुद्धी काढल्यानंतरच वापरण्यायोग्य ठरले. निर्जीव टाकी आतल्या वस्तूस विरोध करीत नाही, शरीर करते. परका पदार्थ ओळखणे, त्यावर पेशी धाडणे, त्याभोवती तंतूंचे आवरण विणणे, हे शरीराचे नित्याचे काम आहे. समीकरणात न दिसणारी ही गोष्ट लँगर यांना रुग्णालयात राहूनच शिकता आली.

आठ आठवड्यांचा अर्थ

पुढे लँगर यांनी शल्यचिकित्सक हेन्री ब्रेम यांच्या सहकार्याने मेंदूतील गाठींच्या उपचारावर काम केले. रक्तातील बहुतेक औषधांना मेंदूत शिरू न देणारी नैसर्गिक तटबंदी असते. ती ओलांडण्यासाठी औषध अधिक प्रमाणात द्यावे, तर शरीराच्या इतर भागांना इजा होते. त्यावर योजलेला उपाय असा : शस्त्रक्रियेने गाठ काढल्यावर त्या पोकळीतच कारमस्टिन या औषधाच्या लहान चकत्या ठेवावयाच्या, एका वेळी जास्तीत जास्त आठ. या चकत्यांचे बहुवारिक साबणाच्या वडीसारखे बाहेरून आत झिजत जाते आणि औषध जागच्या जागी सुटते. १९९६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली.

गाठ पुन्हा उद्भवलेल्या २२२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. औषधी चकत्या ठेवलेल्या रुग्णांचा जीवनकाळ, मध्यक मानाने, ३१ आठवडे होता. औषधविरहित चकत्या ठेवलेल्यांचा २३ आठवडे. फरक आठ आठवड्यांचा. त्यास रोगमुक्ती म्हणता येणार नाही आणि तसा दावा कोणी करूही नये. परंतु घरातील माणूस आणखी दोन महिने सोबत असणे म्हणजे काय, हे त्या घरालाच ठाऊक असते. औषधवहनाच्या अभ्यासकाने आकडा आणि त्यामागील माणूस या दोहोंचे भान राखावयाचे असते, ते यासाठी.

ज्ञानाची परतफेड

अभियंता वैद्यकाच्या क्षेत्रात परका आहे, असे मानण्याचे कारण नाही. एखादा पदार्थ दाट भागाकडून विरळ भागाकडे कोणत्या गतीने पसरतो, याचा नियम १८५५ मध्ये आडोल्फ फिक यांनी मांडला. ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम १८४० च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध करणारे प्वाझय हे फ्रेंच डॉक्टर होते. त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय होता सूक्ष्म वाहिन्यांतील रक्तप्रवाह. अभियंत्यांच्या पिढ्या जे नियम कारखान्यांत वापरीत आल्या, ते शरीराच्या अभ्यासातूनच निघाले आहेत. अभियंता औषधाकडे वळतो, तेव्हा एका अर्थाने जुने कर्ज फेडतो.

काय शिकावे, कोणत्या क्रमाने

अभियांत्रिकीच्या पदवीधरास गणित, प्रवाह, विसरण आणि पदार्थविज्ञान अवगत असते. त्याने पुढील विषय क्रमाने आत्मसात करावेत.

पहिला विषय शरीरक्रियाशास्त्र. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापासून आरंभ करण्यात कमीपणा नाही. दुसरा, जीवरसायन व पेशीविज्ञान. प्रथिने, एंझाइमे व पेशीचे आवरण समजल्याशिवाय पुढील वाट बंद आहे. तिसरा, औषधाचा शरीरातील प्रवास व परिणाम. वर सांगितलेले टाकीचे गणित येथे विस्ताराने येते. चौथा, शरीरास मानवणाऱ्या पदार्थांचा अभ्यास. विरघळणारे टाके ज्या बहुवारिकांचे करतात, त्यांच्याच सूक्ष्म गोळ्यांत औषध भरून ते महिनाभर पुरविता येते. पाचवा, शरीराची प्रतिकारयंत्रणा. सहावा, संख्याशास्त्र, रुग्णांवरील चाचण्या व त्यांचे कायदे. आपल्या देशात नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांसंबंधी २०१९ चे नियम आहेत. नीतिविषयक समितीची संमती आणि रुग्णाची समजून दिलेली परवानगी यांवाचून चाचणी करता येत नाही. पूल बांधणारा अभियंता वजन ठेवून पुलाची परीक्षा घेतो. येथे परीक्षा माणसावर होते, हा भेद विसरता येत नाही.

या सर्वांची गुंफण करणारा एक सोपा स्वाध्याय आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी घ्यावी आणि तिचा प्रवास कागदावर कारखान्याच्या आराखड्याप्रमाणे काढावा : गोळी कोठे विरघळते, लहान आतड्यातून रक्तात कशी जाते, यकृतात तिचे काय होते, मूत्रावाटे काय बाहेर पडते. प्रत्येक टप्प्यावर ‘किती’ आणि ‘किती वेळात’ हे दोन प्रश्न विचारावेत. जेथे उत्तर अडते, तेथे पुढील वाचनाचा विषय सापडतो.

महाराष्ट्राचा धागा

मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचा, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा, या शास्त्राशी थेट संबंध आहे. तेथून १९९२ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतलेले समीर मित्रगोत्री पुढे मॅसॅच्युसेट्स येथे लँगर व ब्लँकश्टाइन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. कमी कंपनसंख्येच्या श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने इन्शुलिनसारखी प्रथिने त्वचेतून आत नेता येतात, हे या तिघांनी १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विटा-चुन्याच्या भिंतीसारखा असतो. ध्वनीच्या योगे त्यात क्षणिक वाटा निर्माण होतात.

अलीकडील उदाहरण पुण्याचे आहे. कोविडच्या साथीत २०२० मध्ये आलेल्या पहिल्या एमआरएनए लशी मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत भरलेल्या होत्या आणि त्यांतील एक आरंभी उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. पुण्याच्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीच्या एमआरएनए लशीस जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. ही लस २ ते ८ अंशांवर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातील साध्या शीतपेटीत राहू शकते. वीज गेली तर लशीचे काय, ही चिंता वाहिलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यास या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको.

शिक्षकांचे काम

अकरावीत प्रवेश घेताना विद्यार्थ्यास गणित की जीवशास्त्र, असे विचारले जाते. अभियांत्रिकीकडे वळणारा विद्यार्थी बहुधा तेथेच जीवशास्त्रास निरोप देतो आणि जीवशास्त्र घेणारा गणितास. दोन्ही विषय घेण्याची सोय अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत असते. ती विद्यार्थ्यांना कळविली पाहिजे. ज्यांची ही संधी हुकली, त्यांनाही दार बंद झालेले नाही. ‘गेट’ परीक्षेत २०२० पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकी हा स्वतंत्र विषय आहे, आणि ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या योजनेत या विषयांचे पाठ विनामूल्य पाहता येतात.

जिल्हा रुग्णालय, औषधनिर्माण महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय अनेक जिल्ह्यांत एकाच शहरात असतात. पण त्यांची परस्परांत ये-जा क्वचितच होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून काही दिवस जरी रुग्णालयाच्या औषध विभागात आणि बाह्यरुग्ण कक्षात पाहणी केली, तरी औषध कोठे अडते, कोठे वाया जाते आणि रुग्ण ते मध्येच का सोडतो, हे त्यांना कळेल. सोडवावयाचे गणित तेथेच आहे. त्यासाठी लागणारे अर्धे ज्ञान त्यांच्यापाशी असते. उरलेले अर्धे रुग्णाच्या खाटेशेजारी मिळते.