मोठी बॅग आली नाही तर?

परदेशी वारंवार जाणाऱ्याने सामान भरताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: पट्ट्यावर मोठी बॅग आलीच नाही, तर पुढचे दोन-तीन दिवस माझे भागेल का? छातीठोकपणे ‘हो’ म्हणता येईपर्यंत हातातली बॅग भरून झाली असे समजू नये. यंत्र उभारणीच्या कामासाठी मी बरीच वर्षे पुण्याहून युरोप, आखात आणि आग्नेय आशियात ये-जा करतो. काय काय न्यावे याच्या याद्या कुणीही देतो. कोणती वस्तू कोणत्या बॅगेत ठेवायची आणि तिच्यासोबत कोणता कागद लागतो, हे मात्र बहुतेकांना अडचणीत सापडल्यावरच कळते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे श्टुटगार्टला उतरलो. मुंबईहून विमान उशिरा सुटले होते. मधल्या विमानतळावर आम्ही धावतपळत पुढचे विमान गाठले, बॅगा मागे राहिल्या. सोबतचे सहकारी वयाने ज्येष्ठ आणि मधुमेही. त्यांचे इन्सुलिन, सुया, साखर मोजायचे यंत्र, सगळे मोठ्या बॅगेत. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. औषधांची दुकाने पाळीपाळीने उघडी राहतात, पण आपल्या भागात आज कुणाची पाळी आहे ते शोधावे लागते. हॉटेलातल्या बाईंनी ते शोधून दिले. दुकानाच्या छोट्या खिडकीतून फार्मासिस्टने पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलवर नीट वाचली आणि सांगितले, “हिच्यावर मला औषध देता येणार नाही. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा.” मग ११६११७ या क्रमांकावर फोन, ड्युटीवरच्या डॉक्टरांचा पत्ता, टॅक्सी, रांग, तपासणी, नवी चिठ्ठी आणि पुन्हा तेच दुकान. इन्सुलिन हातात पडले तेव्हा रविवारची दुपार उलटून गेली होती. तोवर साहेबांच्या घशाला कोरड पडलेली, सारखे पाणी मागत होते आणि बोलणे जवळजवळ बंद झाले होते. परमुलखात शेजारी बसून ते पाहणे किती कठीण असते, ते मी जाणतो.

औषधे आधी, कपडे नंतर

म्हणून पहिला नियम: रोजची सगळी औषधे हातातल्या बॅगेत. प्रवासाचे जितके दिवस, त्यापेक्षा निदान आठवडाभराची जास्त. इन्सुलिन तर मालाच्या कप्प्यात कधीच टाकू नये. तिथे ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन दिसायला ठीक वाटले तरी वापरायचे नसते.

गोळ्या सोयीसाठी वारांच्या डबीत भरून नेऊ नका. मूळ स्ट्रिपमध्येच राहू द्या. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. त्यात आजार, डोस आणि औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडचे ब्रँड तिकडे कुणाला ठाऊक नसतात. मूळ नावही कधी कधी बदलते. पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. इन्सुलिनची पेने आणि सुया सुरक्षा तपासणीत निघाल्या की हेच पत्र दाखवायचे. परदेशी दुकानदार त्यावर औषध देईलच असे नाही, पण तिथल्या डॉक्टरांचे काम त्याने सोपे होते.

आपल्याकडे सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते, ही गोष्टही मनावर घ्या. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत आहे. तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये ती गोळी नेता येत नाही. प्रत्येक नव्या देशाला निघताना आपल्या औषधांची यादी त्या देशाच्या वकिलातीच्या सूचनांशी ताडून पाहा.

ओआरएसची चार पाकिटे जवळ ठेवा. एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात घालायचे असते. पाणी कमी घेतले तर फायद्याऐवजी तोटा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेत जाणार असाल तर पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते लागू होते, आणि जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालते. पीतज्वराच्या देशातून कार्डाशिवाय परतलात, तर भारतात विलगीकरणात राहावे लागू शकते.

डब्यात काय आहे?

आखातातल्या एका विमानतळावर माझ्या पुढे एक तरुण उभा होता. दिवाळीनंतर घरून परतत होता. कस्टमवाल्याने डबा उघडायला लावला. अनारसे होते. अधिकाऱ्याने एक उचलला, उलटा केला आणि खसखशीच्या बाजूवरून बोट फिरवले. पोराचा चेहरा पांढरा पडला. त्याला बाजूला नेऊन बसवले. माझे सगळे सामान आले तरी तो तिथेच होता.

खसखस अफूच्या बोंडातून येते. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात ती नेण्यास बंदी आहे. आपण पुडी नेत नाही, पण ती अनारशावर असते, डिंकाच्या लाडवात असते, करंजीच्या सारणात असते, अनेक घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. आई-मावशी प्रेमाने डबा भरतात, त्यांना हे ठाऊक नसते. त्यांना आधीच सांगा: या देशांसाठी खसखस नको. बेसनाचे लाडू, चकली, शंकरपाळे, मेतकूट खुशाल न्या.

खोबऱ्याच्या सुक्या वाट्याही बॅगेत नकोत. त्यांतल्या तेलामुळे हवाई वाहतुकीच्या नियमांत सुके खोबरे आपोआप पेट घेणाऱ्या मालात मोडते. साजूक तूप, आमरस, श्रीखंड, ओली चटणी यांना हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरची मर्यादा लागू होते. ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, तेव्हापासून ही मर्यादा आली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जाताना खाण्याचा प्रत्येक जिन्नस फॉर्मवर लिहा. लिहून दिले तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवले तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलरचा दंड होतो.

वीज आणि बॅटरी

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकण्यास मनाई आहे. ती हातातच हवी, १०० वॉट-अवरच्या आतली. हिशेब सोपा आहे: एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार. ३.७ व्होल्टच्या २०,००० एमएएचचे ७४ वॉट-अवर होतात, म्हणजे चालते. आकडा पुसला गेला असेल तर ती पॉवर बँक घरीच ठेवा, कारण तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभे विमान जळाले आणि तपासात पॉवर बँकेवर संशय आला. त्यानंतर त्याच वर्षी अनेक कंपन्यांनी नियम कडक केले. सिंगापूर एअरलाइन्सने विमानात ती वापरायला बंदी केली, एमिरेट्सने माणशी एकच नेण्याची मुभा ठेवली.

ब्रिटन, सिंगापूर, मलेशिया आणि दुबईत तीन चौकोनी पिनांचा प्लग, जर्मनी-फ्रान्समध्ये दोन गोल पिनांचा, अमेरिका-जपानमध्ये दोन चपट्या पिनांचा. एक चांगला अडॅप्टर आणि त्यावर आपला छोटा एक्स्टेन्शन बोर्ड, एवढ्यात लॅपटॉप, फोन, कॅमेरा सगळे चार्ज होते. चार्जरवर ‘१००–२४०’ लिहिले आहे ना, ते पाहा. आपली चहाची किटली जपानमध्ये चालणार नाही. तिथे १०० व्होल्टच असतात.

वरच्या चेनमधली पिशवी

विमान भरले असेल तर दारावरच केबिन बॅगही काढून घेऊन खाली टाकतात. त्यासाठी माझ्या बॅगेच्या अगदी वरच्या कप्प्यात चेनची कापडी पिशवी असते. औषधे, डॉक्टरांचे पत्र, पॉवर बँक, पासपोर्ट, चष्मा, एक कार्ड, थोडे डॉलर आणि एक पेन. बॅग मागितली की पिशवी काढायची आणि बॅग द्यायची. बाकी हातातल्या बॅगेत एक जोडी कपडे, अंतर्वस्त्रे आणि दात घासायचे सामान. कारखान्यात काम असेल तर सेफ्टी शूज पायातच घालून निघा. बॅग उशिरा आली तरी काम अडत नाही.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असू द्या. त्याची आणि व्हिसाची छायाप्रत, दोन फोटोंसह, पासपोर्टपासून वेगळी ठेवा. पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार करून भारतीय वकिलातीत जावे लागते. परतीपुरते आपत्कालीन प्रमाणपत्र तिथे मिळते आणि छायाप्रत असली की काम लवकर होते. भारतीय सिमचे रोमिंग चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि कार्ड असून पैसे निघत नाहीत.

बॅग खरोखर आली नाही तर

निघतानाच बॅगेचा फोटो काढा, जुने टॅग फाडून टाका, आत नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. काउंटरवर नव्या टॅगवरचे शेवटचे शहर वाचून घ्या. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. घरी जाऊन ईमेल करू, असे म्हणू नका. मग लागणाऱ्या वस्तूंची खरेदी करा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. श्टुटगार्टला आम्ही टूथब्रशपासून मोज्यांपर्यंतच्या पावत्या ठेवल्या होत्या, त्यावर पैसे मिळाले.

२००९ पासून भारत माँट्रियल कराराचा सदस्य आहे. त्यानुसार सामान मोडले असेल तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाले असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे; एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे चलन. त्यापलीकडच्या किमतीचे दागिने किंवा उपकरण मोठ्या बॅगेत ठेवण्यात शहाणपण नाही.

नोकरीपायी फिरणारे आम्ही हे कधीतरी शिकतोच. काळजी वाटते ती मुलांकडे अमेरिकेला, इंग्लंडला निघालेल्या सत्तरीतल्या आई-वडिलांची. त्यांच्या मोठ्या बॅगेत मुलांसाठी लाडू असतात आणि त्याच बॅगेच्या तळाशी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या. मुलांनो, त्यांना निघायच्या आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल करा, दोन्ही बॅगा उघडायला सांगा आणि औषधे हातातल्या बॅगेत गेल्याशिवाय फोन ठेवू नका.