आगगाडी, जीन आणि छापखाना : एकोणिसाव्या शतकातील यंत्रे व आपला समाज

शेगावच्या रेल्वे स्थानकावर आज उतरणारी बहुतेक माणसे दर्शनासाठी येतात. त्यामुळे हे स्थानक यात्रेकरूंसाठीच बांधले गेले असावे, असा नव्या पिढीचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा लोहमार्ग येथे आला तो कापसासाठी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. या दोन घटना आपण विद्यार्थ्यांना दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवतो. त्या एकत्र वाचल्या की चित्र स्पष्ट होते. विलायतेतील गिरण्यांना कापूस हवा होता, तो वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकत होता, आणि मध्ये होती ती शेकडो मैलांची वाट.

त्यापूर्वी या भागातील कापूस लमाण तांड्यांच्या बैलांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले. भुसावळहून पूर्वेकडे निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये आपल्या शेजारच्या जलंबहून खामगावच्या बाजारपेठेपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला. त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय यावा, यातच त्या काळी कापसाचे मोल किती होते ते कळते. लमाणांच्या मालवाहतुकीचे पुढे काय झाले, हे पाहण्यास मात्र कोणी आले नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना प्रत्येक यंत्राविषयी मी दोन प्रश्न विचारीत आलो आहे : या यंत्रामुळे कोणाचे काम गेले? आणि कोणाला पूर्वी जेथे जाता येत नव्हते तेथे जाता आले? या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा एकाच घरात सापडतात.

आगगाडीचेच पाहू. गाडीचे डबे जातीवरून ठरले नाहीत, पैशावरून ठरले. तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढणारा महार आणि त्याच वर्गाचे तिकीट काढणारा ब्राह्मण एका बाकावर बसू लागले. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याचा खांदा डब्यात खांद्याला लागू लागला. परंतु स्थानकावरचे पाणी हिंदू आणि मुसलमान असे वेगळेच राहिले, आणि ‘हिंदू’ पाण्याच्या भांड्याला हात लावण्याचा अधिकार आपल्या लोकांना नव्हता. तिकिटाने बाक दिला, पाण्याचा घोट दिला नाही.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. वडील कोरेगावास नोकरीला होते. साताऱ्याहून लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, तिकिटे होती. गाडीत कोणी काही विचारले नाही. मुलांना घ्यायला कोणी आले नाही असे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मुले महारांची आहेत हे कळताच तो पाच पावले मागे सरला. एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यावे, बैल मुलांनीच हाकावेत आणि गाडीवानाने पायी चालावे, या बोलीवर गाडी मिळाली. जवळ अन्न होते, परंतु पाणी न मिळाल्याने रात्र उपाशीच काढावी लागली. मुंबईच्या पहिल्या आगगाडीला तोवर ४८ वर्षे झाली होती.

आता सांगाव्याचे काम पाहा. वतनदार महाराने सरकारी कागद पोचवावा, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावावे, मयताची वार्ता गावोगाव सांगावी आणि त्याबद्दल बलुत्याचे मूठभर धान्य घ्यावे, अशी रीत होती. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचे टपाल तिकीट निघाले, त्याच वर्षी तारयंत्र सर्वसामान्यांस खुले झाले आणि १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड आले. एका पैशात जे काम होत होते त्यासाठी माणसाला उन्हातान्हात पळवण्याचे कारण उरले नव्हते. तरीही वतन सुटले नाही. बाबासाहेबांना त्यासाठी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणावे लागले, आणि कनिष्ठ वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ मध्ये. फुकट राबणारा माणूस हाताशी असताना पोस्टकार्डाला पैसा कोण खर्च करील?

वऱ्हाड-नागपूरकडील आपल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. येथील महार समाज केवळ गावकीवर जगत नव्हता. जाडेभरडे सुती कापड विणणे हा त्याचा मोठा व्यवसाय होता. सरकी काढण्याचे काम घरोघरी बायका हातरेच्यावर करीत. वाफेवर चालणारी जीन आणि गाठी बांधणारे प्रेस आले तेव्हा हातरेचा अडगळीत गेला. विलायती सूत व कापड आले तेव्हा मागही थंडावला. स्वस्त परदेशी मालाने येथील कारागीर कसा उघडा पडला, हे महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले आहे. अनेकांना मग त्याच जीनमध्ये रोजंदारीवर उभे राहावे लागले. तेथे बलुत्याऐवजी रोख मजुरी मिळे. ती तुटपुंजी होती, परंतु ती घेण्यासाठी पाटलाच्या दारात हात पसरावा लागत नव्हता. हा फरक ज्यांनी अनुभवला नाही त्यांना तो किरकोळ वाटेल.

१ जानेवारी १८७७ ही तारीख विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. त्या दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि त्याच दिवशी पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सत्यशोधकांचे ‘दीनबंधु’ पत्र सुरू केले. पुढे हे पत्र मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवले. गिरणीने माणसाचा दिवसच बदलून टाकला होता. गावात वेळ प्रहरांनी आणि सावलीने मोजली जाई, गिरणीत ती भोंग्याने मोजली जाऊ लागली, आणि भोंग्याला वार नव्हता. कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती लोखंड्यांच्या लढ्यामुळे, १० जून १८९० रोजी. आज रविवारी वसतिगृहात मुलांना भेटायला येणाऱ्या पालकांना हे ठाऊक असावे.

गिरणीतही जात शिरलीच. धोट्यात नवी कांडी भरल्यावर धाग्याचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्यावर दुसऱ्याचे तोंड लागणार, म्हणजे विटाळ! एवढ्या कारणाने मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, प्रवेश नव्हता. ज्या समाजाने विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या माग चालवला त्याच समाजाला यंत्रमागापाशी उभे राहण्याची बंदी! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला.

छापखान्याची सुरुवातही विटाळापासूनच झाली. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला हात लावण्यास सनातनी कचरत. मुंबईत १८३१ मध्ये छापील पंचांग काढणाऱ्या गणपत कृष्णाजींनी धार्मिक ग्रंथांसाठी तुपाची शाई वापरली, असे मराठी मुद्रणाच्या इतिहासात सांगितले जाते. परंतु शाई कशाचीही असो, छापलेले अक्षर कोणाच्या हाती जाईल यावर पहारा ठेवणे कठीण होते. १८५५ मध्ये फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या धर्मात आम्हाला ग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही तो धर्म आमचा कसा, हा तिचा सवाल होता. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आली. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेले गोपाळबाबा वलंगकर ‘दीनबंधु’त लिहू लागले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. तीत त्यांनी उच्चवर्णीयांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले आहेत. ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांपैकी फार थोड्यांना वाचता येत होते. एकाने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे, अशी तेव्हाची रीत होती.