गळके कौल, वाळवी आणि उंदीर : घरदुरुस्तीचा एक पाठ



आपल्या पत्रांतून प्रार्थनेच्या विषयांबरोबर अधूनमधून एक वेगळा प्रश्नही येतो. "तुम्ही पाड्यांवर फिरता, तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली आहे, काय लावावे?" इकडे पाड्यावर गेलो की ओट्यावर टेकायच्या आत तोच प्रश्न समोर येतो. "दादा, मेढीला वाळवी लागली, काय टाकू?" शहरातला प्रश्न आणि पाड्यावरचा प्रश्न इतका सारखा असतो की मला हसू येते. ईश्वरविज्ञानाची पदविका घेताना कौले कशी परतावीत हे मला कोणी शिकवले नव्हते. जे थोडे कळले ते जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर, जाणत्या माणसांकडून आणि स्वतःच्या चुकांतून. त्यातली एक चूक मोठी होती. ती आधी सांगतो, कारण हा सगळा पाठ तिच्यातूनच निघाला.

काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रात्री वरच्या पाड्यावरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावायला रेंज नव्हती, म्हणून तिचा दीर पावसात धावत आमच्या केंद्रावर आला. मी जीपची चावी फिरवली. दिवा लागला, पण इंजिन फिरेना. बॉनेट उघडले तर आत पेंढ्याचे आणि गोधडीच्या लक्तरांचे घरटे, आणि दोन जागी तारा कुरतडलेल्या. खालच्या गावातल्या दूधवाल्याची पिकअप मिळेपर्यंत दीड तास गेला. बाई आणि बाळ सुखरूप राहिली. पण दवाखान्याच्या वाटेवर तिच्या सासूने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी रागाच्या भरात बाजारातून उंदीर मारायची पेस्ट आणली, टोमॅटोच्या फोडींना लावली आणि रात्री जीपखाली ठेवली. जीप उभी असायची बालवाडीच्या पडवीला लागून. सकाळी मला तालुक्याला जायचे होते, फोडी उचलायच्या राहिल्या. चार वर्षांच्या एका मुलाने त्यातली एक उचलली. त्याच्या आजीने ती हातातून हिसकावली, पण तोवर तोंडात गेली होती की नाही, हे कोणालाच सांगता येईना.

डॉक्टरांनी मुलाला ठेवून घेतले आणि रोज रक्त तपासले. त्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. पोटात गेला तर पहिल्या दिवशी मळमळ, उलटी होते. मग मूल एक-दोन दिवस बरे वाटते, खेळते, आणि त्याच काळात आत यकृत निकामी होत असते. त्यावर उतारा नाही. म्हणून "आता बरा दिसतो, घरी नेऊ" असे कधी करू नये. घरी ओकारी काढू नये. दूध-तूप पाजू नये, कारण स्निग्ध पदार्थाबरोबर हे विष जास्त शोषले जाते. ज्या वेष्टनातून ते आले ते वेष्टन घेऊन लगेच दवाखाना गाठावा. आमच्या मुलाच्या पोटात काही गेले नव्हते. तो आता तिसरीत आहे. त्या तीन रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढल्या.

तिसऱ्या दिवशी केंद्रावर काम करणारे एक कातकरी बाबा मला भेटायला आले. कातकरी लोकांना उंदराची जेवढी माहिती तेवढी क्वचितच कोणाला असेल. शेताच्या बांधावरचे बीळ पाहून आत कोण आहे हे ते सांगतात. बाबांनी एवढेच विचारले, "दादा, उंदीर जीपमध्ये कशाला येईल? जीप काय खायची आहे?" मी गप्प बसलो. जीपच्या मागच्या भिंतीला लावून वसतिगृहाच्या भाताची पोती मीच रचून ठेवली होती.

लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर चट्टा उठला तर काय करावे याचे नियम आहेत. आपण ते वाचताना सहसा घाईने पुढे जातो. या अनुभवानंतर मी ते सावकाश वाचले, घरदुरुस्तीचे टिपण म्हणून. याजक आल्याबरोबर भिंत फोडत नाही. आधी घर रिकामे करायला सांगतो, मग भिंत पाहतो, मग सात दिवस घर बंद ठेवतो. सातव्या दिवशी येऊन चट्टा पसरला का ते बघतो. पसरला असेल तर तेवढेच दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंत आतून खरवडायची, दुसरे दगड बसवायचे, नवा गिलावा करायचा. घर पाडणे शेवटी, तेही चट्टा परत आला तर. पाहणे, थांबणे, पुन्हा पाहणे हा क्रम आहे, आणि आपण नेमके मधले थांबणे गाळतो.

बाबांची रीत हीच होती. संध्याकाळी केंद्राभोवतीची सगळी बिळे त्यांनी मातीने लिंपून टाकली. एकूण एकोणीस भरली. सकाळी पाहिले तर पाचच उघडली होती. बाकीची जुनी, रिकामी. मी मात्र एकोणीस बिळांसाठी विष आणणार होतो. चालत्या बिळाचे तोंड गुळगुळीत असते, त्यावर कोळ्याचे जाळे नसते, हेही त्यांनी दाखवले.

त्यानंतर आम्ही भात पत्र्याच्या कोठ्यांत भरला, घट्ट झाकणांच्या. पोती ठेवावीच लागली तर फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागे झाडता येते. करंगळी जाईल एवढ्या फटीतून उंदराचे पिल्लू येते, म्हणून फटी बारीक जाळी आणि सिमेंटने बुजवल्या. नुसती माती उंदीर एका रात्रीत उकरतो. छपरावर टेकलेली जांभळाची फांदी तोडली. राहिलेल्यांसाठी चाप आणि पिंजरे लावले. उंदीर मोकळ्यातून पळत नाही, भिंतीच्या कडेने जातो, म्हणून पिंजरा भिंतीला लावूनच ठेवावा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिले तीन-चार दिवस चाप न ओढता नुसते सुके बोंबील किंवा शेंगदाणे ठेवावेत. सवय झाली की मग चाप ओढावा. चाप लावल्यापासून ते उचलेपर्यंत मुलांची ये-जा त्या खोलीत नको. जीपची जागा बदलली, आणि आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून पाहणे हे आता एका मोठ्या मुलाचे काम आहे.

उंदीर कमी झाले की सापही कमी होतात, कारण साप त्यांच्या मागे येतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि पुष्कळदा चावलेले कळतही नाही. म्हणून मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणे हे सापासाठीही आहे. पण अनेक घरांत सापांसाठी अंगणाच्या कडेने फोरेटचे दाणे टाकतात. तसे करू नका. साप त्याने अडत नाही. मरतात कोंबड्या, कुत्री, आणि पावसात ते विष विहिरीकडे वाहते. शिवाय ३१ डिसेंबर २०२० पासून देशात फोरेटवर बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुनी पिशवी पडली असेल तर ती घरात ठेवू नये. ओढ्यात फेकू नये, जाळू नये. कृषी सहायकाला विचारून तिची सोय लावावी.

आता वाळवी. पहिली गोष्ट, ती वाळवीच आहे का हे पाहावे. लाकडाखाली कोरडा, पिठासारखा भुसा पडत असेल तर ते भुंगेऱ्याचे काम आहे. बांबूला हे फार होते. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडून काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातले पीठ धुऊन जाते आणि भुंगेरा कमी लागतो. जुने लोक हे करीत होते. लाकडावर किंवा भिंतीवर मातीची नळी चढलेली दिसली तर मात्र ती वाळवी. तिला कोरडी हवा सोसत नाही. ती राहते ओल्या मातीत, आणि तिथून लाकडापर्यंत मातीचा झाकलेला रस्ता बांधून येते-जाते. वारूळही तिचेच बांधकाम. नाग त्यात नंतर राहायला येतो.

म्हणून औषध शोधण्याआधी रस्ता शोधावा. नळीचा बोटभर तुकडा मोडा आणि दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा. चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहा. नळी जोडली गेली असेल तर वाळवी चालू आहे. नसेल तर ती वाट जुनी असू शकते. मग आजूबाजूला दुसरी वाट शोधा. एका घरी आम्ही तीन मेढी बदलायला निघालो होतो. खुणा करून पाहिल्यावर एकाच मेढीची वाट चालू निघाली, आणि ती होती मोरीच्या बाजूची. मोरीचे पाणी बुडाशी मुरत होते. शहरातल्या एका ताईंना मी पत्राने हेच करायला सांगितले. त्यांची चौकट न्हाणीघराच्या भिंतीला लागून होती, आणि आतला नळ भिंतीत पाझरत होता. त्यांनी आधी नळ दुरुस्त करून घेतला, ते बरे झाले. ओल राहिली असती तर नव्या चौकटीचेही तेच झाले असते.

जुन्या वाड्यांचे खांब तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडावर उभे असतात. लाकूड मातीला टेकत नाही, म्हणून ते शंभर-शंभर वर्षे टिकते. आपल्याकडे मेढ सरळ खड्ड्यात पुरतात. बूड जाळून पुरले तर थोडा काळ जातो, पण जळलेला थर पातळ असतो, आणि चीर पडली की वाट मोकळी. जमत असेल तिथे मेढ दगडावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर, जमिनीपासून वीतभर वर घ्यावी. वळचणीचे पाणी जोत्याशी साचू न देता बाहेर काढावे. सरपण भिंतीला टेकून रचू नये. चार दगडांवर, घरापासून लांब रचावे. सरपणात विंचूही बसतो, म्हणून लाकूड काठीने हलवून मगच उचलावे. लाल विंचू चावला तर मंत्र-मुळीत वेळ घालवू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले आणि कोकणात अशा दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. पण ते औषध वेळेत मिळावे लागते.

जळके ऑइल मेढीला चोपडतात, त्याने बुडाची माती खराब होते आणि नळी दुसऱ्या बाजूने चढते. बिब्ब्याचे तेल लावायची जुनी रीत आहे, पण अंगावर उडाले तर फोड येतात. मुलांना जवळ येऊ देऊ नये. नवे घर बांधताना पायाच्या मातीला औषध देण्याची पद्धत आयएस ६३१३ या भारतीय मानकात दिलेली आहे. ते काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे, आणि विहीर जवळ असेल तर त्याला ते आधी सांगावे.

कौलांबद्दल थोडे. पाणी जिथे टपकते तिथे कौल फुटलेले असतेच असे नाही. ते वर कुठेतरी शिरते, रिपेच्या किंवा वाशाच्या खालच्या अंगाने धावते आणि अडेल तिथे गळते. उन्हाच्या दिवशी घराची दारे लावून आत उभे राहा, वर कुठून उजेड दिसतो ते पाहा, तिथे खडूने खूण करा. पुष्कळदा कौल धड असते. पाने आणि शेवाळ अडकल्याने पाणी तुंबून कडेवरून आत येते, आणि नुसते झाडल्याने काम होते. हे मे महिन्यात करावे. पावसात शेवाळलेल्या छपरावर चढू नये. सिमेंटच्या पत्र्यावर तर थेट पाय कधीच देऊ नये. तो वरून धड दिसतो आणि माणसासकट खाली येतो. फळी टाकून, वाशाच्या रेषेत चालावे. पत्र्याचा खिळा-आकडा उंचवट्यावर मारायचा असतो, पन्हळीत नव्हे. आमच्या जुन्या समाजघरात मारणाऱ्याने सगळे पन्हळीत मारले होते, आणि आम्ही चार पावसाळे डांबर लावत बसलो!

मोटारसायकलचे प्रश्नही पुष्कळ आहेत, ते पुढे कधीतरी. ओढ्यातून नेताना गाडी बंद पडली आणि पाणी सायलेन्सरच्या वर आले असेल, तर किक मारत राहू नका, एवढे आताच सांगतो. गाडी ढकलून बाहेर काढा, प्लग आणि एअर फिल्टर पाहा, ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय सुरू करू नका. आत पाणी शिरले असताना जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि शंभर रुपयांचे काम हजारांवर जाते.

परवा समाजघराच्या उत्तरेकडच्या खांबावर पुन्हा एक नळी दिसली. तिथल्या एका भावाने लगेच विचारले, "दादा, काय टाकू?" मग स्वतःच हसला आणि खिशातून पेन्सिल काढली. नळी मोडून खूण केली आहे, रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघे जाऊन पाहणार आहोत.