बाळाचं डोकं चपटं झालंय, हेल्मेट घालायचं का?

बाळ तीन-चार महिन्यांचं होतं, आंघोळीच्या वेळी केस ओले होऊन चिकटतात आणि वरून बघताना एकदम लक्षात येतं की डोकं मागून एका बाजूला बसलंय. त्या बाजूचा कानही जरा पुढे सरकलाय. मग रात्री बाळ झोपल्यावर मोबाइलवर शोधाशोध होते आणि समोर येतं ते हेल्मेट. अमेरिकेत असाल तर कदाचित डॉक्टरांनीच त्याचा विषय काढला असेल, आणि बाळंतपणासाठी इथून आलेली आजी म्हणत असेल, "काही नको ते, वाढत्या अंगाबरोबर डोकं भरून येईल." मुंबई-पुण्यातही आता अशी हेल्मेट मिळू लागली आहेत, त्यामुळे हा पेच आता फक्त परदेशातल्यांचा राहिलेला नाही.

बऱ्याच आयांच्या मनात पहिला विचार येतो तो "मी नीट लक्ष दिलं नाही" असा. तो काढून टाका. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि १९९४ पासून तिथे त्याची देशभर मोहीम झाली. त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्याच काळात चपट्या डोक्याची बाळं जास्त दिसू लागली. म्हणजे जी सवय जीव वाचवते, तिचाच हा एक किरकोळ परिणाम आहे.

असं का होतं, तर पहिल्या वर्षात डोक्याचा घेर सुमारे १२ सेंटिमीटर वाढतो आणि त्यातली निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. तेव्हा कवटी मऊ असते. भोपळा जमिनीला टेकून वाढला की ती बाजू चपटी राहते, तसंच हे. मेंदू दबत नाही, त्याला लागेल तेवढी जागा मिळते, फक्त ती जरा तिरकी मिळते. "डोकं चपटं म्हणजे बुद्धी कमी" ही भीती मनातून काढा. चपट्या डोक्याच्या काही बाळांची हालचाल मागे असल्याचं आढळतं हे खरं, पण त्यात बऱ्याचदा क्रम उलटा असतो. जे बाळ कमी हलतं, ते एकाच बाजूला पडून राहतं. अशा बाळाला गरज असते ती त्याच्या वाढीची नीट तपासणी होण्याची, आणि ते काम हेल्मेट करू शकत नाही.

तेव्हा हेल्मेटचा विचार करण्याआधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी बघून घ्या, आणि त्या मात्र लांबणीवर टाकू नका.

पहिली गोष्ट मान. बाळ सतत एकाच बाजूला बघतं का? दुसऱ्या बाजूला खुळखुळा वाजवला तरी मान पुरती वळत नाही का? अंगावर पाजताना एका बाजूला कुरकुर करतं का? मानेचा एक स्नायू आखडलेला असू शकतो. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम लवकर सुरू केले तर तो बहुतेक वेळा सुटतो. तो सुटला नाही, तर डोकं पुन्हा त्याच बाजूला टेकत राहणार. दुसरी गोष्ट कवटीचे सांधे. साधारण दोन-अडीच हजारांत एखाद्या बाळाचा सांधा वेळेआधी जुळतो. त्याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात, आणि त्यावर उपाय वेगळा असतो, बहुधा शस्त्रक्रियेचा. जन्मापासूनच आकार विचित्र असणं, दिवसेंदिवस तो बिघडत जाणं, सांध्यावर हाताला कंगोरा लागणं ही त्याची लक्षणं. टाळू लवकर भरली असं वाटलं तर तेही डॉक्टरांना सांगा. अनुभवी डॉक्टरला हे बहुतेक वेळा हाताने चाचपून आणि वरून बघून कळतं, प्रत्येक बाळाचा सीटी स्कॅन करायची गरज नसते.

या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर खरं काम घरात आहे. बाळ उजेडाकडे आणि माणसांकडे बघतं, म्हणून पाळण्यात त्याचं डोकं एक दिवस या टोकाला, एक दिवस त्या टोकाला ठेवा. कडेवर घेण्याची बाजू बदला. कार सीटमधून घरी आल्यावर बाळाला तिथेच झोपू देऊ नका. जागं असेल आणि तुम्ही समोर असाल तेव्हा पालथं घाला, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, आणि सात आठवड्यांपर्यंत दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटं. आपल्याकडे न्हाऊ घालणारी बाई पायांवर पालथं घेऊन बाळाची पाठ चोळते, तेही याच कामाचं आहे. मात्र तिला डोकं दाबून "वळवू" देऊ नका. मोहरीची उशी किंवा बाजारात मिळणारी आकार देणारी उशीही नको. झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात कुठलीच उशी नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये अशा उशांबद्दल गुदमरण्याच्या धोक्याचा स्पष्ट इशारा दिला आहे.

आता हेल्मेट. ते डोकं आवळत नाही. फुगीर भागाला टेकतं आणि चपट्या भागापाशी जागा सोडतं, म्हणजे वाढ त्या जागेत जाते. दिवसाचे २३ तास, काही महिने घालावं लागतं. वाढ संपत आल्यावर उपयोग कमी, म्हणून साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात सुरू करतात. वर्षाच्या आसपास सुरू करण्यात फारसा अर्थ नसतो.

नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर एक अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ते बऱ्यापैकी चपटेपणा असलेली पाच-सहा महिन्यांची ही बाळं. चिठ्ठी टाकावी तसं निम्म्यांना हेल्मेट दिलं, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. डोकं पूर्ण सुधारलेली मुलं हेल्मेटच्या गटात २६ टक्के आणि बिनहेल्मेटच्या गटात २३ टक्के. हेल्मेट घातलेल्या प्रत्येक बाळाच्या पालकांनी काही ना काही त्रास सांगितला, कातडी लाल होणं, घाम, वास. बाळाला मनासारखं कुशीत घेता येत नाही, हेही अनेकांनी सांगितलं. मला हा त्रास क्षुल्लक वाटत नाही. मात्र मान आखडलेली आणि फारच तीव्र चपटेपणा असलेली बाळं या अभ्यासात नव्हती, आणि काहींची हेल्मेट नीट बसतही नव्हती. म्हणून "हेल्मेट निरुपयोगी" असा सरसकट निष्कर्ष मी काढणार नाही. अमेरिकेतल्या मेंदूशल्यतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही हेल्मेटला जागा आहे, ती स्थिती बदलून आणि व्यायाम करूनही मध्यम ते तीव्र चपटेपणा टिकलेल्या बाळांसाठी.

शंभर टक्के गोल डोकं कमी जणांचं होतं, हे ऐकून घाबरू नका. ऑकलंडमध्ये २०० बाळांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा चौथ्या महिन्यात जवळपास २० टक्के डोकी चपटी होती आणि दोन वर्षांनी सुमारे ३ टक्के. उरतो तो थोडासा तिरकेपणा, केसांखाली झाकला जाणारा.

माझं मत विचाराल तर सौम्य चपटेपणाला हेल्मेट नको. मध्यम असेल तर आधी सहा ते आठ आठवडे घरचे उपाय नेटाने करा, दर पंधरवड्याला केस ओले करून डोक्याचा वरून फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. सुधारणा दिसत असेल तर थांबा. पाच-साडेपाच महिन्यांनाही आकार तसाच असेल, चेहरा किंवा कपाळही एका बाजूला सरकलेलं दिसत असेल, तर हेल्मेट घेणं रास्त आहे, आणि त्यासाठी कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही. मात्र जो हेल्मेट विकतो त्याच्याच मापांवर निर्णय घेऊ नका, आधी बालरोगतज्ज्ञाला किंवा कवटीच्या विकारांवर काम करणाऱ्या शल्यतज्ज्ञाला दाखवा. अमेरिकेत खर्च काही हजार डॉलरपर्यंत जातो आणि विमा कंपन्या बरेचदा तो दिसण्यासाठीचा खर्च म्हणून नाकारतात, ते आधी विचारून घ्या. ऐपत नसेल म्हणून हेल्मेट घेतलं नाही, तर बाळाच्या आरोग्याचं काही हिरावून घेतलं असं मुळीच मानू नका.

आणि निर्णय कुठलाही घ्या, बाळाला झोपवताना उताणंच झोपवा.