आधी कागद, मग आकडा

झाशीतल्या आपल्या मराठी घरांत कॉमिक्स दोन वाटांनी आली. हिंदी अंक मानिक चौकातून आणि स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवरून आले, मराठी अंक सुट्टीत पुण्या-मुंबईहून येणाऱ्या आत्या-मावश्यांच्या सामानातून. म्हणून एकाच ट्रंकेत हिंदी वेताल आणि मराठी वेताळ शेजारी शेजारी सापडतात. आता तुमची पिढी त्या ट्रंका उघडते आहे आणि विचारते, "काका, यातलं काय अमेरिकेला पाठवून ग्रेड करून घेऊ?" बाळांनो, माझं उत्तर एवढंच आहे. आधी कागद वाचवा, मग यादी करा, आणि ग्रेडिंगचा, म्हणजे परीक्षकांकडून अंकाला श्रेणी घेण्याचा, विचार सगळ्यांत शेवटी करा. हा क्रम उलटा केलात तर पैसे जातील आणि अंकही जातील.

ट्रंक कुठे ठेवायची

कॉमिक्स वर्तमानपत्राच्या हलक्या कागदावर छापली जायची. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. ऊन, उष्णता आणि हवा लागली की कागद आम्लधर्मी होत जातो, पिवळा पडतो आणि शेवटी दुमडताच तुटतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि दगडी छताखालची वरची खोली रात्रीसुद्धा तापलेली असते. तेव्हा माळा आणि वरचा मजला बाद. तळमजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली, अंधारी खोली निवडा.

मात्र ज्या खोलीत कूलर चालतो तिथे अंक ठेवू नका. माणसाला गार वाटतं ते पाण्याची वाफ होते म्हणून, आणि त्याच ओलाव्यानं पिना गंजतात, पानं लाटांसारखी होतात, बुरशी धरते. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ बाजारात स्वस्त मिळतं, ते खोक्याजवळ ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि वेळोवेळी बदला.

कसर आणि वाळवी यांच्यासाठी आजीचं वेखंड आणि कडुनिंबाचा पाला चालतो, पण पाला पूर्ण वाळलेला हवा आणि तो कापडाच्या पुरचुंडीत, कागदाला न लागता ठेवायला हवा. ओला पाला थेट पानांत घातला की हिरवट डाग कायमचा बसतो. अंकांत कीड आधीच शिरली असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पिशवी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा. नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

पिशवी घ्यायची ती पॉलिप्रॉपिलीनची किंवा मायलरची. वास मारणारी, चिकट, मऊ पीव्हीसीची पिशवी घेऊ नका, ती शाई ओढून घेते. अंकाच्या मागे आम्लरहित पुठ्ठा घाला. लग्नपत्रिकेचा किंवा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा नको, त्यातलं आम्ल मलपृष्ठावर तपकिरी सावली सोडतं. अंक खोक्यात उभे ठेवा, एकमेकांना टेकून, पण कोंबून नव्हे. आडव्या थप्पीत खालच्या अंकाचा कणा वाकतो.

अंक ओळखायचा कसा

जुना दिसतो म्हणून तो पहिल्या आवृत्तीचा असतो असं नाही. इथे बरेच जण फसतात.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये सुरू केली. ली फॉकच्या वेताळानं मालिकेची सुरुवात झाली. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. मालिका १९९० मध्ये थांबली, तोवर इंग्रजीत ८०३ अंक निघाले होते. संपामुळे इंग्रजीतले १२३ आणि १२४ हे अंक छापलेच गेले नाहीत. तेव्हा ते शोधत फिरू नका आणि कुणी विकायला आणले तर त्या माणसाकडून पुढे काही घेऊ नका. मराठी आणि हिंदी अंकांसाठी इंग्रजीची यादी तशीच्या तशी वापरू नका. प्रत्येक भाषेचा क्रमांक आणि तारीख अंकावरूनच उतरवा.

अमर चित्र कथेचं गणित वेगळं आहे. अनंत पै यांनी इंडिया बुक हाऊसबरोबर १९६७ मध्ये ही मालिका उभी केली. राम वाईरकरांनी चितारलेला 'कृष्ण' हा तिचा ११ वा अंक, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते. या मालिकेच्या पुन्हा पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पुढच्या काळात क्रमांक ५०१ पासून नव्यानं दिले गेले. 'कृष्ण'वर ५०१ असेल तर तो नंतरचा अंक. ११ असेल तरी थांबा. मलपृष्ठावर किंवा आतल्या बाजूला प्रकाशित अंकांची यादी असते. हातातल्या अंकानंतर कितीतरी वर्षांनी निघालेली नावं त्या यादीत दिसली, तर हा पुनर्मुद्रित अंक आहे. छापील किंमत आणि प्रकाशकाचा पत्ताही ताडून बघा. आपल्या राणी लक्ष्मीबाईंवरचा अंक इथल्या बहुतेक घरांत आहे, त्यावरच हा सराव करा.

राज कॉमिक्स १९८६ ची. नागराजच्या पहिल्या अंकाची चित्रं आपल्या प्रताप मुळीकांची, आणि १९८७ मध्ये अनुपम सिन्हांनी सुपर कमांडो ध्रुव आणला. या अंकांबरोबर स्टिकर, पोस्टर फुकट मिळायचे. स्टिकर मुलांनी कपाटाला चिकटवला आणि अंक तेवढा उरला, असंच बहुतेक घरांत झालं. ज्याच्याबरोबर मूळ स्टिकर अजून आहे तो अंक बाजूला काढून ठेवा.

रंगीत झेरॉक्सची मुखपृष्ठं लावून अंक पूर्ण केल्याचं भासवणारेही असतात. सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके नीट, ओळीनं दिसतात. झेरॉक्समध्ये भुकटीसारखी पसरट रेघ दिसते.

अंक तपासायचा कसा

हात धुऊन, पूर्ण कोरडे करून बसा. टेबलावर पांढरा कागद पसरा. एक मराठी इंद्रजाल घ्या आणि पिशवीतून काढताना चिकटपट्टी आधी पूर्ण सोडवा. मुखपृष्ठ पट्टीत अडकून फाटणं हा सर्रास होणारा अपघात आहे.

प्रथम कणा बघा. दिव्यासमोर तिरपा धरला की पिनांच्या आसपास बारीक आडव्या रेघा दिसतात. रेघेत रंग उडून पांढरं दिसत असेल तर दोष मोठा, नुसती खूण असेल तर लहान. मग पिना. गंज पिनेवरच आहे की कागदात उतरून तपकिरी वर्तुळ झालंय? मुखपृष्ठ दोन्ही पिनांना धरून आहे का? मग चार कोपरे: टोकदार, बोथट की दुमडलेले. मग अंक अर्धा उघडून, सपाट न करता, पानं मोजा. मधलं पान सुटलंय का, कूपन किंवा शब्दकोड्याचा तुकडा कापलाय का, हे बघा. शेवटी आतल्या पानांचा रंग: पांढरा, मळकट पांढरा, साय, की तपकिरी. हे सगळं वहीत लिहा, मुखपृष्ठाचा आणि मलपृष्ठाचा फोटो काढा.

भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या दुकानांचे अंक इथे भरपूर मिळतात. त्यांवर शिक्का असतो, जाड दोऱ्याची शिलाई असते, कधी पाच-सहा अंक एकत्र शिवलेले असतात. शिलाई उसवायच्या फंदात पडू नका. तो अंक वाचनाचा म्हणून ठेवा.

आणि डागडुजी अजिबात नको. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन पानाच्या आरपार जातो. स्केचपेननं उडालेला रंग भरणं, कडा कापून सरळ करणं, लॅमिनेशन करणं, यांतलं काही केलंत की अंकाची किंमत त्याच दिवशी घसरते. फाटलेला पण मूळ अंक हा सजवलेल्या अंकापेक्षा नेहमी वरचा.

ग्रेडिंग म्हणजे काय

या धंद्यात सर्वांत जास्त मानली जाणारी संस्था सीजीसी. ती २००० साली सुरू झाली, कार्यालय फ्लोरिडातल्या सॅरासोटात. तुमचा अंक तिथे पोचला की पानं मोजतात, डागडुजी झाली आहे का ते तपासतात, एकाहून अधिक परीक्षक वेगवेगळे बघून श्रेणी देतात आणि शेवटचा आकडा ठरतो. मग अंक कडक पारदर्शक पेटीत सीलबंद होतो. वर लेबल असतं, त्यावर श्रेणी, पानांचा रंग आणि एक क्रमांक, जो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून कुणालाही पडताळता येतो.

श्रेणी ०.५ पासून १० पर्यंत. ९.८ म्हणजे जवळजवळ निर्दोष, ८.० म्हणजे फार चांगला जपलेला, ६.० म्हणजे नीट वाचलेला, आणि इंग्रजीत ज्याला 'गुड' म्हणतात तो फक्त २.०. विकणारा फोनवर 'गुड कंडिशन' म्हणाला की हे लक्षात असू द्या. लेबलचा रंगही वाचायला शिका: निळं म्हणजे नेहमीचं, जांभळं म्हणजे डागडुजी केलेलं, हिरवं म्हणजे एखादी मोठी उणीव नोंदवून दिलेलं, पिवळं म्हणजे संस्थेच्या साक्षीदारासमोर झालेली सही. आपण एकट्यानं जाऊन घेतलेली सही पिवळ्या लेबलला पात्र होत नाही. सही मनासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण ती दुसऱ्या, साध्या प्रतीवर घ्या.

हा आकडा कुठे घडतो ते एका उदाहरणात बघा. १९३८ च्या 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरला गेली. छापील किंमत दहा सेंट. तिला ९.० मिळाले होते. ती प्रत पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगराळ, थंड हवेत लाकडी पेटीत बंद राहिली होती. ते ९.० त्या पेटीनं कमावले, सीजीसी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. परीक्षक श्रेणी फक्त वाचून दाखवतात, ती आपण घरी घडवतो किंवा बिघडवतो.

काय पाठवायचं, काय नाही

तीन गोष्टी एकत्र आल्या तरच अंक पाठवा: तो दुर्मिळ असावा, त्याला मागणी असावी, आणि तुमच्या कडक तपासणीत तो किमान ६.० चा वाटावा. अपवाद फक्त मालिकेच्या अगदी पहिल्या अंकांचा, ते कमी श्रेणीतही टिकून राहणं हीच मोठी गोष्ट आहे. बाकी अंकांचा हिशोब कागदावर मांडा: ग्रेडिंगची फी, जाण्या-येण्याचं कुरिअर, विमा आणि कस्टम. ही बेरीज अंकाच्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर अंक घरीच राहू दे. आणि हे विसरू नका की सीलबंद अंक पुन्हा वाचता येत नाही. आजोबांचं नाव लिहिलेला अंक पेटीत बंद करू नका, तो नातवाच्या हातात द्या.

पाठवायचंच ठरलं तर प्रत्येक अंकाचे फोटो, यादी आणि पाठवणीची पावती जपून ठेवा. तोच माल परत येतोय हे कस्टमला दाखवायला तेच कामी येतं. अंक दोन कडक पुठ्ठ्यांत धरा, पण चिकटपट्टी पिशवीला लावा, अंकाला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्याशिवाय जुलै-ऑगस्टमध्ये काहीही पाठवू नका.

आणखी एक. त्याच ट्रंकेत मोडी कागद किंवा हस्तलिखित पोथ्या निघाल्या तर त्या परदेशी जाणाऱ्या खोक्यात घालू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

यादी सर्वांत मोठी

आपल्या गावाला कागद जाणं म्हणजे काय हे सांगायला नको. १८५८ मध्ये शहर इंग्रजांच्या हाती पडलं तेव्हा राजवाड्यातला ग्रंथसंग्रह कसा उद्ध्वस्त झाला ते वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवलं. काय होतं याची यादी हाती नाही, म्हणून काय गेलं तेही पुरतं कळत नाही. कॉमिक्सची बरोबरी मी त्या ग्रंथांशी करत नाही, पण धडा तोच आहे.

म्हणून वही करा. मालिका, भाषा, क्रमांक, महिना-वर्ष, छापील किंमत, दोष, कुठून आला. मराठी अंकांची पानं वेगळी ठेवा, कारण हिंदी पट्ट्यात मराठी अंक येणारी घरं थोडी होती आणि त्यांतली बरीच आता पुण्याला, इंदूरला किंवा परदेशी गेली आहेत. घर रिकामं करताना पहिली रद्दी याच ट्रंकेची निघते.

मानिक चौकात, तटाच्या आतल्या कुठल्याही वाड्यात, किंवा तिथून बाहेर गेलेल्या तुमच्या काका-आत्यांकडे अशी ट्रंक असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक दिवस ती उघडून बसा आणि यादी करा. ग्रेडिंग पुढच्या वर्षीही होईल. रद्दीत गेलेला अंक परत येत नाही.