परसातली शोधाशोध

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे घरी आली, की "आजोबा, आता काय करू?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानी पडतो. गेल्या वर्षी मी त्यांच्या हाती एक यादी दिली : लाल फूल, लांब पान, एक किडा, एक बी, गोल दगड. जो आधी सगळे आणील तो जिंकला! पंधरा मिनिटांत खेळ आटोपला. जास्वंदीच्या कळ्यासुद्धा खुडल्या गेल्या होत्या, थोरल्याच्या मुठीत एक अळी चिरडली होती, आणि वाचता न येणारी पाच वर्षांची धाकटी पायरीवर बसून रडत होती.

चूक मुलांची नव्हती, यादीची होती. 'आणा' म्हटले की मुले ओरबाडतात. 'शोधा आणि दाखवा' म्हटले की थांबून पाहतात. म्हणून या वर्षी खेळ नव्याने आखला. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही तो आपल्या धाकट्या भावंडांसाठी मांडू शकाल. शाळेच्या आवारात थोडी झाडे असतील, तर शिक्षकांनाही तो उपयोगी पडेल.

पूर्वतयारी

आदल्या दिवशी, ज्या वेळी खेळ व्हायचा त्याच वेळी, परसातून स्वतः हिंडून या. वेळेला महत्त्व आहे. पारिजातक रात्री उमलतो आणि पहाटे फुले गाळतो. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. भर दुपारच्या खेळात या दोन्हींची ताजी फुले मागितली, तर मुलांना ती कोठून मिळणार? जे तुम्ही स्वतः पाहिले नाही, ते यादीत घालू नका.

नंतर हद्द आखा. विहीर, सरपणाचा ढीग, दगडांची रास आणि माजलेले गवत दोरी बांधून वगळा. विंचू व साप अशाच जागी दडतात. कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात, म्हणून तिला लाल चिंधी बांधून 'येथे हात नाही' असे सांगा. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही आणि काहीही तोंडात घालायचे नाही, हेही आधीच बजावा.

मुलांच्या जोड्या लावा. एक वाचणारा, एक न वाचणारा. कार्डावर शब्दांबरोबर चित्रही काढा. पाच-सहा प्रश्न पुरेत.

यादी

१. पाणी टाकले तरी ओले होत नाही, असे पान शोधा. मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू हे याचे उत्तर. अळूच्या पानावर मेणाचा थर आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. त्यामुळे थेंब पसरत नाही, घरंगळतो.

२. मातीतले नरसाळे शोधा. पडवीच्या कडेला, जेथे पाऊस पोचत नाही अशा भुसभुशीत मातीत, असे खड्डे दिसतात. तळाशी मुंगीसिंह नावाच्या कीटकाची अळी दबा धरून बसलेली असते. मुंगी उतारावरून घसरली, की अळी तिच्यावर माती उडवते आणि तिला खाली पाडते.

३. पक्ष्याची शीट वाटते, पण पाने खाते. ते काय? कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानांवर पाहा. ही फुलपाखराची लहान अळी. असे सोंग घेतल्यामुळे पक्षी तिला खाद्य समजत नाहीत. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते.

४. एकेरी जास्वंदीत पाचाचा आकडा दोनदा शोधा. पाकळ्या पाच हे लगेच कळते. मधल्या दांड्याच्या अगदी टोकाला पाच लाल ठिपके दिसतात, ती कुक्षी. तिच्या खाली दिसतात ते परागकोश.

५. सहा पायांचा एक आणि आठ पायांचा एक प्राणी दाखवा. मुंगी कीटक आहे, कोळी नाही, हे पाय मोजताना आपोआप समजते.

६. गोल नाही, चौकोनी आहे अशी काडी शोधा. उत्तर म्हणून मी लिहून ठेवले होते : तुळस.

आजोबांची चूक

सहाव्या प्रश्नाशी खेळ अडला. थोरला डोळ्यांनी पाहत होता आणि त्याला सगळ्याच काड्या सारख्या दिसत होत्या. धाकटीने मात्र एकेक कोवळी फांदी चिमटीत धरून फिरवून पाहायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ती ओरडली, "आजोबा, सापडली!" मी गेलो, तर ती पारिजातकाखाली उभी!

"चुकलीस, उत्तर तुळस आहे," असे मी म्हणणार होतो. पण आधी काडी चिमटीत धरून पाहिली. ती खरोखरच चौकोनी होती. इतकी वर्षे फुले वेचूनही मी कधी काडी चाचपली नव्हती. मी कार्डावरचे माझे उत्तर खोडले आणि तिला पूर्ण गुण दिले.

मग तिघांनी मिळून दोन्ही झाडे ताडून पाहिली. पाने दोन्हीकडे समोरासमोर. पण पारिजातकाचे पान खरखरीत. तुळशीचे मऊ आणि वासाचे. तुळस, सब्जा आणि पुदिना एका कुळातली, आणि तिघांचीही काडी चौकोनी. पारिजातक मात्र जाई-जुईच्या कुळातला! म्हणजे एका खुणेवरून झाडाची ओळख पक्की करता येत नाही. अनेक खुणा जुळवाव्या लागतात. वनस्पतिशास्त्रज्ञही हेच करतात.

म्हणून यादी करताना एक नियम पाळा. उत्तर कार्डावर लिहिले असले, तरी शेवटचा निकाल झाडाला विचारून द्यावा. लहान मूल वेगळे उत्तर घेऊन आले, तर 'चूक' म्हणण्यापूर्वी त्याच्याबरोबर जाऊन पाहा.

करून पाहा

१. तुमच्या परसात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत चौकोनी काडीची आणखी कोणती झाडे सापडतात?

२. अळूप्रमाणे पाणी न धरणारी दुसरी पाने कोणती?

३. एकच यादी घेऊन सकाळी आणि संध्याकाळी खेळा. कोणत्या वस्तू सापडेनाशा झाल्या, आणि का?